आमचे घर किती फुटांचे?

सांगलीच्या जुन्या भागात एखाद्या घराची चौकशी करताना ते किती खोल्यांचे आहे याच्या आधी ते किती फुटांचे आहे असे विचारतात, आणि त्या फुटांचा घराच्या लांबी-रुंदीशी काहीही संबंध नसतो. आयर्विन पुलाच्या खांबावर पाण्याची उंची दाखवणाऱ्या खुणा रंगवलेल्या आहेत. त्यांपैकी कोणत्या खुणेला कृष्णेचे पाणी टेकले की ते आपल्या उंबऱ्याशी येते, तो आकडा म्हणजे घराचे फूट. पावसाळ्यात कोयनेचे दरवाजे उघडल्याची बातमी आली की गावभागातली माणसे पुलावर नदी बघायला जातात असे बाहेरच्यांना वाटते. प्रत्यक्षात ती खांब वाचायला गेलेली असतात. ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी, हे सरकारी आकडे झाले. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रस्ता या बाजूच्या काही घरांचे आकडे त्याहून कमी असतात आणि तिथली बोचकी इशारा मिळण्याच्या आधीच बांधून तयार असतात.

गावभागातले आमचे वडिलोपार्जित घर ५४ फुटांचे आहे. २००५ पर्यंत हा आकडा आम्हाला ठाऊक नव्हता, कारण तोवर त्याची गरज पडली नव्हती. त्या वर्षी पाणी ५३ फुटांच्या वर चढले आणि आमच्या शेवटच्या पायरीला स्पर्श करून थांबले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फूट ६ इंचांपर्यंत गेले, तेव्हा माजघरात साडेतीन फूट पाणी उभे होते, आणि ओसरल्यावर भिंतीवरच्या गाळाच्या रेषेला मोजपट्टी लावून वडिलांनी वजाबाकी केली. २०२१ च्या जुलैमध्ये पाणी पुन्हा ५४ च्या वर गेले आणि घरात घोट्याइतके आले. आपला आकडा बरोबर निघाल्याचे एक विचित्र समाधान त्या चिखलातही वडिलांच्या चेहऱ्यावर दिसत होते.

हे सगळे पुन्हा आठवायचे कारण माझा भाचा. तो पुण्यात नोकरी करतो, आठवड्यातले बरेचसे काम घरून करू शकतो, आणि पुण्यातल्या दोन खोल्यांच्या हप्त्यात सांगलीत अंगणासह घर होते हे त्याच्या लक्षात आले आहे. गेले वर्षभर तो मला प्लॉटच्या जाहिराती पाठवत असतो. त्यांत एक शब्द सगळीकडे आढळतो: 'पूरमुक्त'. २०१९ च्या आधी हा शब्द मी जाहिरातीत पाहिल्याचे आठवत नाही. तेव्हा 'बसथांब्यापासून पाच मिनिटे' किंवा 'शाळेजवळ' असे लिहिलेले असे. नियोजनाच्या कागदांना जे कळायला दशके लागतात ते जमिनीच्या बाजाराला एका महापुरात कळते, ही गोष्ट मला आवडो वा न आवडो, खरी आहे.

सांगलीच्या वाढीविषयी बोलताना आधी एक गैरसमज दूर करावा लागेल. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून १९९८ साली एक महानगरपालिका झाली. तिचे क्षेत्र सुमारे ११८ चौरस किलोमीटर आहे. २००१ च्या जनगणनेत या क्षेत्रात साधारण ४ लाख ३६ हजार माणसे होती आणि २०११ च्या जनगणनेत ५ लाख २ हजार ७९३. म्हणजे दहा वर्षांत पासष्ट-सहासष्ट हजारांची भर. पिंपरी-चिंचवडच्या तुलनेत ही वाढ काहीच नाही. मात्र ज्याने १९८० च्या आसपास एस.टी.च्या खिडकीतून सांगली-मिरज रस्ता पाहिला आहे आणि जो आज तोच रस्ता पाहतो, त्याला ही संख्या सांगून पटणार नाही. विलिंग्डन महाविद्यालय १९१९ साली आणि वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ साली विश्रामबागेत आले, तेव्हा ती जागा दोन गावांमधली मोकळी जमीन होती. आज ते शहराचे मधले ठिकाण आहे, आणि जिल्हाधिकारी कार्यालय व न्यायालयही त्याच रस्त्यावर विजयनगरला गेले आहे. माणसांच्या संख्येपेक्षा शहराने व्यापलेली जमीन कितीतरी वेगाने वाढली. जुन्या सांगलीत स्टेशन चौक आहे पण तिथे स्टेशन नाही. रुंद रूळ आले तेव्हा गाडीने गावाबाहेरची वाट धरली, आणि गावही हळूहळू तिच्या मागे निघाले.

ही वाढ कोणत्या दिशेने झाली यापेक्षा ती कोणत्या उंचीवर झाली हा प्रश्न महत्त्वाचा आहे, असे माझे मत आहे आणि या लेखात मला तेवढेच मांडायचे आहे. आपल्याकडचे सगळे आराखडे सपाट कागदावर असतात. रस्ता किती मीटर रुंद, आरक्षण कोणत्या गटावर, बागेची जागा कोठे, हे त्यात दिसते. पण इकडची जमीन तिकडच्या जमिनीपेक्षा किती वर आहे आणि म्हणून इथे पडलेले पाणी कोणाच्या दारात जाणार आहे, हे घर घेणाऱ्या सामान्य माणसाला त्यातून कळत नाही. सहा गल्ल्यांची म्हणून सांगली, अशी एक लोकव्युत्पत्ती सांगतात. त्या सहा गल्ल्यांतल्या माणसाला स्वतःचे फूट ठाऊक असते. नव्या वसाहतींतल्या माणसाला ते ठाऊक नसते.

माझ्या मेहुण्यांचे घर शामरावनगरच्या बाजूला आहे. १९९४ साली त्यांनी दीड गुंठ्याचा तुकडा घेतला, तेव्हा तो विकणाऱ्याने स्टॅम्प पेपरवर लिहून दिले, सातबाऱ्यावर सामाईक नाव चढवून देण्याचे तोंडी कबूल केले, आणि रस्ता, गटार, वीज 'येईलच' असे सांगितले. वीज आली. सातबाऱ्यावर नाव चढायला किती वर्षे आणि किती खेटे लागले याची कथा स्वतंत्र आहे. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. शेतजमिनीचे असे गुंठा-गुंठा तुकडे पाडून विकण्याला आपल्याकडे 'गुंठेवारी' हे नाव पडले, आणि प्रकरण इतके हाताबाहेर गेले की २००१ साली राज्याला ती घरे नियमित करण्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. त्याची मुदत १ जानेवारी २००१ पर्यंतच्या बांधकामांची होती. २०२१ मध्ये दुरुस्ती करून ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली. गरिबाला घर मिळण्याचा तोच एक परवडणारा मार्ग होता, त्यामुळे गुंठेवारीतल्या माणसाला नावे ठेवणे मला कधीच पटलेले नाही. परंतु तुकडे पाडणाऱ्याने शेताच्या मधून जाणारा ओतही तुकड्यांत वाटून टाकला, आणि ते कोणत्याही कायद्याने नियमित होत नाही.

'ओत' हा शब्द सांगलीबाहेरच्या वाचकासाठी सांगायला हवा. ओढ्याला पात्र असते, काठ असतो, नाव असते. ओताला यातले काही नसते. रानातली जमीन जिथे किंचित खोलगट होते आणि पावसाचे पाणी आपोआप जिथून वाहत जाते ती वाट म्हणजे ओत. उन्हाळ्यात तो दिसत नाही. शेतकऱ्याला मात्र त्याची जागा पक्की माहीत असते, कारण तिथे वाफसा, म्हणजे पावसानंतर जमिनीला येणारी पेरणीजोगी स्थिती, उशिरा येतो. प्लॉट नेहमी उन्हाळ्यात विकले जातात.

मेहुण्यांच्या घरी आरंभी रस्त्यावरून तीन पायऱ्या चढून जावे लागे. आज त्यांच्या घरात एक पायरी उतरून जावे लागते. घर खचलेले नाही. काळ्या मातीत खचणे-फुगणे चालूच असते आणि त्यांच्या मागच्या भिंतीला त्याचा एक तिरका तडाही गेलेला आहे, पण पायऱ्यांचे कारण वेगळे आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, त्यामुळे तिच्यावरचा रस्ता टिकत नाही. म्हणून दर काही वर्षांनी मुरूम पडतो, खडी पडते, वर डांबर पडते, आणि रस्ता प्रत्येक वेळी चार-सहा इंच उंच होतो. जुना थर उकरून काढायचा असतो हे प्रत्येक निविदेत लिहिलेले असावे. आमच्या पाहण्यात तो कोणी उकरला नाही. तीस वर्षांत रस्ता घरापेक्षा उंच झाला आणि घर डबक्यात गेले. २०१९ मध्ये त्यांच्याकडे नदीचे पाणी आले, हे एक वेळ समजण्यासारखे आहे. त्यानंतरही एखाद्या जूनमध्ये, नदी पात्रात शांतपणे वाहत असताना, केवळ दोन तासांच्या वळवाने त्यांच्या स्वयंपाकघरात पाणी भरते. माझी बहीण गॅसची टाकी जी विटांच्या चौथऱ्यावर ठेवते, तो चौथरा दर दोन-तीन वर्षांनी एका विटेने वाढत गेला आहे. आता त्याला पाच थर आहेत.

नदीचा पूर आणि पावसाचे साचणे या दोन गोष्टी आपण एकाच शब्दाने बोलतो आणि तिथेच चूक होते. नदीचा पूर वरून येतो आणि खालून अडतो. सांगलीच्या खाली हरिपूरला वारणा मिळते, पुढे नरसोबाच्या वाडीला पंचगंगा मिळते, आणि दोन्ही नद्या एकाच वेळी भरलेल्या असल्या की कृष्णेला पुढे सरकायला जागा राहत नाही. पाण्याला फुगवटा येतो आणि तो शहराचे सांडपाणी नदीकडे नेणाऱ्या शेरीनाल्यातून, भोबे गटारीतून उलटा शहरात शिरतो. त्यावर सांगलीचा कोणताही नगररचनाकार एकट्याने उपाय करू शकत नाही. पावसाचे साचणे मात्र पूर्णपणे आपले स्वतःचे कर्तृत्व आहे. विश्रामबाग, विजयनगर, कुपवाड हा भाग उंच म्हणून पूरमुक्त, हे खरेच; पण त्या उंच भागावर पूर्वी जो पाऊस पडत होता त्यातला पुष्कळसा मुरत होता आणि उरलेला ओतांनी नदीकडे जात होता. आज तिथे छपरे, काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक आहेत. मुरणे जवळजवळ थांबले आणि ओत कुंपणांच्या खाली गेले. उंचावरचे शहर जसजसे वाढेल तसतसे सखल शहर नदीचा थेंबही न येता बुडत राहील, आणि पुढे उंचावरच्या शहरातही ज्या जागा त्यातल्या त्यात खोलगट आहेत त्यांची पाळी येईल.

जमीन ओळखण्याची विद्या आपल्याकडे नव्हती असे मुळीच नाही. हरिपूरची आणि सांगलीवाडीची हळदीची पेवे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. लहानपणी वडिलांबरोबर हरिपूरला गेलो असताना पेव उघडताना पाहिल्याचे मला स्वच्छ आठवते. जमिनीत तोंडाशी माणूस जेमतेम उतरेल इतके अरुंद आणि आत रुंद होत जाणारे खोल भुयार. त्यात हळद वर्षानुवर्षे कीड न लागता राहायची. उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे. आधी दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. तो विझला तर आत हवा नाही, मग थांबायचे. कंदील तेवत राहिला की हमाल उतरायचा. हे पेव कुठेही खणता येत नसे. नदीपासून हाकेच्या अंतरावर असूनही ओल न धरणारी माती नेमकी कोणत्या पट्ट्यात आहे हे तिथल्या लोकांना ठाऊक होते. २००५ च्या पुराने अनेक पेवांत पाणी शिरले, हळद सडली, आणि त्यानंतर शीतगृहे व गोदामे वाढली. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पेवांची संख्या तोवर रोडावलेली होती. पेवे परत आणा असे माझे म्हणणे नाही. तोंडी चालत आलेले ज्ञान पूर अशा प्रकारे रद्द करतो, तेव्हा त्याच्या जागी मोजलेले ज्ञान यायला हवे होते, आणि ते सामान्य माणसापर्यंत आले नाही.

मोजणी अजिबात नाही असेही नाही. पाटबंधारे खाते निळी आणि लाल पूररेषा आखते. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची ती लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध, निळ्या आणि लाल रेषांच्या मध्ये अटींवर परवानगी, आणि त्यांतली मुख्य अट अशी की जोते लाल रेषेच्या पातळीच्या वर घ्यावे. कागदावर हे सरळ आहे. प्रत्यक्षात जोते उंच करायचे म्हणजे मुरुमाचा भराव टाकायचा. आणि भराव टाकलेल्या प्रत्येक प्लॉटने, पूर्वी जिथे पाणी पसरत असे ती जागा, पाण्याकडून काढून घेतलेली असते. ते पाणी शेजारी जाते. म्हणजे नियम पाळणाऱ्या नव्या इमारतीमुळे नियमाआधीचे जुने घर बुडते, आणि दोन्ही पक्ष आपापल्या परीने निर्दोष असतात. शिवाय पंचवीस आणि शंभर वर्षांचे हे हिशेब २००५, २०१९ आणि २०२१ या सोळा वर्षांतल्या तीन महापुरांनंतर सांगलीच्या माणसाला समजावून सांगणे अवघड झाले आहे.

आता अलमट्टीविषयी, म्हणजे कृष्णेवर खाली कर्नाटकात असलेल्या आणि सांगलीच्या पुराला इथे अनेक जण कारण मानतात त्या धरणाविषयी. सांगलीत चहाच्या गाड्यावर उभे राहिलेल्या कोणालाही विचारा, अलमट्टी धरणाची पाणीपातळी ५१९.६० मीटर आहे आणि कर्नाटकाला ती ५२४.२५६ मीटरपर्यंत न्यायची आहे, हे दशांशानंतरच्या आकड्यांसह तो सांगेल. २०१९ नंतर नेमलेल्या वडनेरे समितीने अलमट्टीला पुराचे मुख्य कारण मानले नाही आणि पूरक्षेत्रातल्या अतिक्रमणांकडे बोट दाखवले, हे इथे अनेकांना पटलेले नाही. मला त्या वादात शिरायचे नाही; उंची वाढवण्याला आपण विरोध केलाच पाहिजे असे मलाही वाटते. गंमत एवढीच वाटते की सव्वाशे-दीडशे किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या धरणाची उंची मिलिमीटरमध्ये तोंडपाठ असलेल्या माणसाला स्वतःच्या प्लॉटची उंची फुटांतही सांगता येत नाही, आणि ती विचारावी असे त्याला सुचतही नाही.

पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत सांगलीचे काय होईल याचा अंदाज बांधताना महापालिकेच्या हद्दीत डोके खुपसून चालणार नाही. बुधगाव, माधवनगर, हरिपूर या गावांत ग्रामपंचायती आहेत, पण घरे सांगलीची आहेत. अंकलीचा पूल ओलांडला की कोल्हापूर जिल्हा लागतो आणि लगेच जयसिंगपूर येते. त्यापुढे २०२२ मध्ये महानगरपालिका झालेली इचलकरंजी आणि मग कोल्हापूर. उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात बसू लागले आहे, त्यामुळे सांगलीच्या वकिलांचीही रोजची गाडी त्याच रस्त्याने धावते. मिरजेच्या दवाखान्यांत कर्नाटकातून पेशंट येतात, ते तर शंभर वर्षांहून जुने आहे. पन्नासेक किलोमीटरच्या या पट्ट्यात एक सलग शहर तयार होत आहे, आणि ते दोन जिल्ह्यांत, तीन महापालिकांत आणि असंख्य ग्रामपंचायतींत वाटलेले असल्यामुळे त्याला नाव नाही आणि धनीही नाही. यातले जयसिंगपूर तेवढे शाहू महाराजांनी आखून वसवलेले. त्याचे काटकोनातले रस्ते आजही पाहण्यासारखे आहेत. बाकी बहुतेक आपोआप वाढलेले.

या सलग शहराला जोडणारे रस्ते भरावावरून जातात, हा माझ्या काळजीचा आणखी एक विषय. रत्नागिरी-नागपूर महामार्ग असो वा नियोजित शक्तिपीठ महामार्ग, पूरपट्ट्यातून जाणारा उंच रस्ता हा पाण्याच्या दृष्टीने बंधाराच असतो; त्यात मोऱ्या किती आणि कोठे ठेवल्या यावर वरच्या गावांचे भवितव्य अवलंबून असते. शक्तिपीठाला विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांचा मुख्य मुद्दा बागायती जमीन जाण्याचा आहे आणि तो रास्तच आहे, पण भरावाचा मुद्दाही ते मांडतात, तो शहरातल्या लोकांनी अधिक लक्ष देऊन ऐकावा. आयर्विन पूल १९२९ साली झाला. त्याच्या कमानींखालून २०१९ चे पाणी गेले. पुलाच्या दोन्ही बाजूंना आज जेवढे भराव आहेत तेवढे तेव्हा नव्हते.

शेरीनाल्याबद्दल थोडक्यात: शहराचे सांडपाणी ज्या नदीत जाते तीच नदी शहर पिते. ते पाणी धुळगावकडे नेऊन शेतीला देण्याच्या योजनेची चर्चा मी नोकरीला लागलो तेव्हापासून ऐकतो आहे, आणि नाला अजून वाहतो आहे.

तर माझी मागणी अगदी किरकोळ आहे. प्रत्येक मंजूर लेआउटच्या नकाशावर, गुंठेवारीच्या प्रत्येक प्रमाणपत्रावर आणि शक्य झाल्यास खरेदीखतावर, त्या जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची छापावी, आणि त्याखाली आयर्विन पुलाच्या खांबावरचा तिच्याशी जुळणारा आकडा फुटांत लिहावा, कारण मीटर कोणालाही समजत नाहीत. महापालिकेच्या प्रत्येक रस्त्याच्या कोपऱ्यावर एक दगड बसवून त्यावर तोच आकडा कोरावा. ओतांचा एक नकाशा करावा, तो भिंतीवर लावावा, आणि ओतावर पडणारा प्लॉट विकताना तसे लिहून देणे बंधनकारक करावे. यासाठी जागतिक बँकेचे कर्ज लागत नाही. पुराचे पाणी दुष्काळी भागाकडे वळवण्याच्या मोठ्या योजनेचे काय व्हायचे ते होवो. दगड मात्र एका उन्हाळ्यात बसतात. भावांवर परिणाम होईल म्हणून याला विरोध होईल हेही मला दिसते. ज्याने पूर्ण भाव देऊन ओत विकत घेतला त्याच्यावर झालेला परिणाम मी बहिणीच्या स्वयंपाकघरात पाहिलेला आहे.

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी मी आणि भाचा कुपवाडच्या बाजूला एक प्लॉट पाहायला गेलो. दीड गुंठा, कोपऱ्याचा, पूर्वेला रस्ता. एजंट तरुण होता आणि नम्र होता. उंचीबद्दल विचारल्यावर तो म्हणाला, "काका, हितं नदी येती व्हय? नदी राहिली कुठं!" नदी तिथे येणार नाही, हे त्याचे म्हणणे शंभर टक्के बरोबर होते. मी बरोबर आमच्या ओळखीच्या मिस्त्रींना घेतले होते. त्यांनी पिशवीतून पारदर्शक नळी काढली, तीत पाणी भरले, हवेचे बुडबुडे टिचकी मारून घालवले, एक टोक रस्त्याच्या कडेच्या खुणेला धरले आणि दुसरे भाच्याच्या हातात देऊन त्याला प्लॉटच्या मागच्या कोपऱ्यात उभे केले. नळीतले पाणी दोन्हीकडे स्थिर झाल्यावर त्यांनी मोजपट्टी लावली. मागचा कोपरा रस्त्यापेक्षा अडीच फूट खाली होता, आणि मागे सलग तीन प्लॉट त्याच उताराला लागलेले होते. गवत तिथेच तेवढे हिरवे होते.

"अडीच फूट भरायचे म्हणजे किती, मामा?" भाच्याने विचारले. मी हिशेब केला: सोळाशे तेहेतीस चौरस फूट, गुणिले अडीच, भागिले शंभर, साधारण एक्केचाळीस ब्रास मुरूम (शंभर घनफुटांचा एक ब्रास). मिस्त्री म्हणाले, दबून बसतो, पन्नास धरा. भाचा मोबाईलवर भाव पाहू लागला.

मागच्या प्लॉटवर पत्र्याचे छप्पर असलेले दोन खोल्यांचे घर होते. दारात भांडी घासणारी बाई इतका वेळ आमच्याकडे बघत होती. ती उठली, पदराला हात पुसत कुंपणापाशी आली आणि तिने विचारले, "भर किती टाकनार दादा?"

"अजून ठरलं नाही, मावशी," भाचा म्हणाला.

तिने काही न बोलता आम्हाला बाजूला यायची खूण केली आणि घराची उत्तरेकडची भिंत दाखवली. पलीकडच्या प्लॉटवर गेल्या वर्षी भराव पडला होता आणि त्यावर बंगला उभा होता. भिंतीवर जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत ओल चढलेली होती, आणि ओल जिथे संपत होती तिथे तिने कोळशाने एक आडवी रेघ ओढून ठेवलेली होती.